हयातीच्या दाखल्याची रांग

प्रश्न : माझे बाबा मार्चमध्ये गेले. त्यांच्या आजारपणात, अंत्यविधीच्या वेळी, अगदी तेराव्यापर्यंतही मला फारसे रडू आले नाही. परवा नोव्हेंबरात बँकेत गेले, तेव्हा हयातीच्या दाखल्यासाठी लागलेली पेन्शनरांची रांग दिसली आणि मी तिथेच हुंदके देऊन रडले. दर वर्षी त्या रांगेत मी बाबांना घेऊन उभी राहत असे. दुःखाच्या पाच पायऱ्या असतात, असे वाचले होते. माझा क्रम चुकला आहे का? भाऊ मात्र महिन्याभरात पूर्ववत झाला, याचा रागही येतो.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचे काहीही चुकलेले नाही. नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार या अवस्था मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडल्या, त्या मृत्यू समोर दिसत असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांच्या शोकाला त्या पुढे लावल्या गेल्या आणि कालांतराने त्यांना इयत्तांचे रूप आले.

नेदरलँड्समधील दोन संशोधकांनी १९९९ मध्ये केलेली मांडणी मला अधिक पटते. शोकात माणूस कधी गेलेल्याच्या आठवणीत बुडतो, तर कधी वारसनोंद, वीजबिल, डबा यांत गुंततो, आणि ही ये-जा, म्हणजे काही काळ दुःखाकडे पाठ फिरवणेही, सावरण्याचाच भाग असते. आजारपणात औषधांच्या वेळा, मग दहाव्या-तेराव्याची तयारी आणि पाहुण्यांची उठबस तुमच्याकडे असावी, असा माझा अंदाज आहे. तेव्हा रडायला सवडच नव्हती. आपल्याकडे तेराव्यानंतर घर रिकामे होते आणि नेमकी तेव्हाच सोबतीची गरज सुरू होते. त्यात आठवण सांगून येत नाही. वर्षश्राद्धासाठी मन तयार ठेवता येते, बँकेतल्या रांगेसाठी नाही.

भावाविषयी घाईने निष्कर्ष काढू नका. तो कामात रमलेला दिसतो याचा अर्थ तो विसरला, असा होत नाही. कदाचित तुमच्याकडे पाहून त्यालाही गेले आठ महिने हेच वाटत असेल. बँकेतला प्रसंग त्याला सांगा, तक्रार म्हणून नव्हे, नुसता सांगा.

मात्र एक गोष्ट पाहावी लागेल. तीव्र ओढ किंवा वेदना सहा महिन्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज टिकून राहिली आणि तिच्यामुळे नोकरी, घर, माणसांत मिसळणे अवघड झाले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्याला लांबलेल्या शोकाचा विकार म्हटले आहे; समाजाच्या रीतीभातींचा विचार त्यातही करावाच लागतो. एकदा बँकेत रडू येणे यात बसत नाही. पण झोप उडाली, जेवण तुटले किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर सहा महिन्यांचा हिशेब न करता मानसोपचारतज्ज्ञांना भेटा किंवा ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर बोला, तिथे मराठीतही बोलता येते.