‘सक्ती असती तर बरं झालं असतं’

बाळाला नववा महिना सरत आला की माझ्याकडे समुपदेशनाला येणारे आईबाप एक प्रश्न हमखास विचारतात: “ही गोवराची लस कम्पल्सरी आहे का हो?” विचारणाऱ्यांचे सूर मात्र दोन. काहींना उत्तर ‘नाही’ हवं असतं, म्हणजे टाळायला मोकळे. काहींना ‘हो’ हवं असतं. मला या दुसऱ्यांबद्दल सांगायचंय.

खाली जे जोडपं आहे ते दोन-तीन कुटुंबं मिळून झालेलं आहे. ओळख पटेल असं सगळं बदललंय, प्रश्न मात्र खरे आहेत.

विक्रोळीचं घर. मुलगी साडेआठ महिन्यांची. नवऱ्यानं बसल्या बसल्या खुलासा केला, “मॅडम, मी लसविरोधी वगैरे नाही. पेंटाचे, म्हणजे त्या पाच रोगांवरच्या एकत्र लसीचे, तिन्ही डोस वेळेवर झालेत. फक्त ही एमआर, गोवर-रुबेलाची, नको.” कारण पुतण्या. एमआर दिल्यावर नवव्या दिवशी त्याला ताप चढला आणि आकडी आली. डोळे फिरले, हातपाय ताठ. कुणी कांदा हुंगवला, कुणी दातखीळ सोडवायला चमचा घातला, हिरडीतून रक्त आलं. डॉक्टर म्हणाले, “लशीचा काही संबंध नाही.” त्या वाक्यानं घराचा विश्वास उडाला, तो उडालाच.

मी म्हटलं, “संबंध असू शकतो.”

नवरा सावरून बसला. इतक्या दिवसांत हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

एमआरमध्ये गोवर आणि रुबेलाचे जिवंत पण दुबळे केलेले विषाणू असतात. ते अंगात थोडे वाढतात, म्हणून ताप त्याच दिवशी न येता साधारण सातव्या ते बाराव्या दिवशी येतो. काही मुलांना त्या तापात आकडी येते, सुमारे तीन-चार हजार डोसांमागे एकाला. दिसायला भयंकर, पण तापातली अशी थोडा वेळ टिकणारी आकडी मेंदूला इजा करत नाही. पाच वर्षांखालच्या शंभरातल्या दोन ते पाच मुलांना ती कधी ना कधी, कुठल्याही तापात येते. गोवराच्या तापातही येतेच. शिवाय खऱ्या गोवरात हजारात साधारण एका मुलाच्या मेंदूला सूज येते आणि न्यूमोनियानं मुलं दगावतात. 2022 मध्ये गोवंडीत सुरू झालेली साथ मुंबईनं पाहिली आहे.

हे सगळं त्याला पटलं, असं तोच म्हणाला. तरी पाय निघेना. मी विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या पद्धतीनं काम करते, म्हणजे माणसाचे हट्टी विचार त्यालाच तपासायला लावते. माणूस माहितीपाशी अडत नाही, आपल्याच एखाद्या अटीपाशी अडतो, असा माझा अनुभव. इथली अट होती: काहीही होणार नाही याची खात्री मिळाल्याशिवाय नाही. अशी खात्री पॅरासिटामॉलचीसुद्धा कुणी देणार नाही.

बायको तोवर गप्प होती. एकदम म्हणाली, “सरकारनं सक्ती केली असती तर बरं झालं असतं.”

“का?”

“मग काही झालं तर ‘हिनं दिली’ असं कुणी म्हटलं नसतं. आई म्हणतात दे, हे म्हणतात नको. सुई टोचताना मांडीवर घेऊन मीच बसणार ना.”

मी नवऱ्याकडे वळले. “लस दिली आणि आकडी आली, तर दोष कुणाचा?”

“आमचाच.”

“नाही दिली आणि गोवर झाला, तर?”

तो थांबला. मग म्हणाला, “तेव्हा साथ होती म्हणतील. नशीब म्हणतील.”

हीच ती गाठ. लस दिल्याचा दोष हाताला चिकटतो, न दिल्याचा नशिबाच्या खात्यावर जातो. दोन्ही आपलेच निर्णय, पण एकाचाच हिशेब मागितला जातो. लसीच्या वादात मी बरीच घरं पाहिली. बहुतेक ठिकाणी भांडण लसीचं नसतं, दोष कुणी घ्यायचा याचं असतं, हे माझं पक्कं मत झालंय. मग मी एकच काम दिलं: निर्णय काहीही घ्या, पण कागदावर लिहा, त्याखाली दोघांच्या सह्या, आणि तो आईंना वाचून दाखवा. पुढच्या वेळी कागद आला. ‘द्यायची’ असं लिहिलेलं, सह्या दोनऐवजी तीन. सासूबाईंनी आपणहून केली होती!

नवऱ्याचा एक मुद्दा तरीही उरला: कोर्टानंच सांगितलंय की सक्ती करता येत नाही. अर्धं खरं. 2 मे 2022 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल कोरोनाच्या लसीबद्दल होता. कुणालाही जबरदस्तीनं लस टोचता येणार नाही, असं त्यात आहे. पण सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी निर्बंध घालता येतात, हेही त्यातच आहे. बालकांच्या लसी आपल्याकडे मोफत आहेत, पण त्या द्यायलाच हव्यात असा देशभराचा कायदा नाही. इटलीनं 2017 मध्ये दहा लसी सक्तीच्या केल्या, फ्रान्सनं 2018 मध्ये अकरा. गोवर थोपवायला शंभरातली 95 मुलं संरक्षित लागतात, त्यामुळे त्यांची घाई समजते. शाळाप्रवेशाला लसीकरणाचं कार्ड मागावं, राहिलेले डोस भरून काढायला मुदत द्यावी, इथवर माझीही हरकत नाही. पण धाक दाखवून नेलेलं कुटुंब पुढच्या डोसला दार लावून घेतं. 1896 च्या प्लेगात सरकारी लोक रुग्णांना घरातून उचलून नेऊ लागले, तेव्हा गिरणी कामगार आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर चालून गेले होते. तेच आजचं कस्तुरबा. 2022 च्या साथीत गोवराची मुलं तिथेच दाखल होत होती.

आता कामाचं. नऊ महिने पूर्ण झाल्यावर सरकारी केंद्रात एका दिवशी तीन सुया असतात: उजव्या दंडाला एमआर, डाव्या दंडाला पोलिओची, उजव्या मांडीला न्यूमोनियाची. शिवाय तोंडातून 1 मिली अ जीवनसत्त्व. आधी सांगितलेलं नसलं की दुसऱ्या सुईलाच आईचा धीर सुटतो आणि उरलेली ‘पुढच्या वेळी’ होते. एमआरची कुपी पावडरची असते. द्रव मिसळल्यावर ती चार तासांत वापरायची, नंतर टाकायची. कुपी कधी फोडली हे नर्सताईंना बिनधास्त विचारा, त्यावर वेळ लिहिलेली असते. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा.

घरी आल्यावर कॅलेंडरवर सातव्या ते बाराव्या दिवसावर खूण करा. पॅरासिटामॉल तापानं बाळ बेजार असेल तरच. त्यानं आकडी टळत नाही. मात्रा वजनावर ठरते, डॉक्टरांकडून मिलीमध्ये लिहून घ्या आणि कुठल्या बाटलीची तेही. ड्रॉप्समध्ये बहुधा 1 मिलीत 100 मिलिग्रॅम असतं, लहान मुलांच्या सिरपमध्ये जवळपास तेवढंच 5 मिलीत. सिरपचा चमचा ड्रॉप्सच्या बाटलीतून भरला की चार-पाचपट औषध पोटात जातं.

आकडी आलीच तर बाळाला कुशीवर वळवा, कपडे सैल करा, घड्याळ बघा. तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांवर गेली तर 108. लवकर थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पुतण्याला आकडी आली होती, एवढ्यावरून या मुलीची लस टाळायचं कारण नाही. साध्या सर्दीनंही नाही. बाळाची प्रतिकारशक्ती फार कमी असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा आधीच्या डोसाला जोराची ॲलर्जी आली असेल, तर मात्र आधी बालरोगतज्ज्ञ.

त्यांनी लस दिली. दहाव्या दिवशी मुलीला ताप आला आणि दोन दिवसांत उतरला. नवरा सक्तीच्या विरोधात आजही आहे, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. दुसरा डोस 16 ते 24 महिन्यांत. नऊ महिन्यांचा चुकला असेल तर पाच वर्षांपर्यंत देता येतो, दोन डोसांत किमान एक महिना ठेवून. हेल्थ पोस्टवर, म्हणजे महापालिकेच्या जवळच्या आरोग्य केंद्रावर, जाताना कार्ड न्या. हरवलं असेल तरी जा.