जुन्या बोटीच्या कीलला बळकटी: बोल्टांच्या आधी फ्लोअर तपासा

आपली बोट १९८० च्या दशकातली, ३४ फुटी आणि फायबरग्लासची आहे, कील (तळाखालचा जड पंखा) बोल्टने जोडलेली आहे, कीलच्या पुढच्या टोकाशी जोडावर भेग दिसते आणि दोन नटांभोवती गंजाचे ओघळ आले आहेत. अशा स्थितीत बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या आतल्या तळाशी, फायबरग्लासचे आणखी चार-पाच थर चढवले तर काम भागेल का, असा आपला प्रश्न आहे. माझे उत्तर नकारार्थी आहे. थर चढवावे लागतीलही, पण आज चढवलेत तर जे तपासायला हवे तेच त्यांच्याखाली झाकले जाईल.

आधी भार कुठून कुठे जातो ते पाहू. समजा कील २,००० किलोची आहे आणि तिचा गुरुत्वमध्य जोडापासून ०.९ मीटर खाली आहे. बोट पूर्ण आडवी झाली की जोडावर १,८०० किलोग्रॅम-मीटरचा पीळ येतो. कीलचा माथा अरुंद असल्यामुळे वरच्या बाजूचे बोल्ट आणि खालची दाबली जाणारी कड यांच्यात जेमतेम २० सेंटिमीटर अंतर मिळते, म्हणजे वरच्या रांगेतल्या बोल्टांना मिळून सुमारे ९ टन ओढ सोसावी लागते. रांगेत पाच बोल्ट असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला १.८ टन येतात, आणि २० मिलिमीटरच्या निरोगी स्टेनलेस बोल्टला ते जड नाहीत. खरा प्रश्न आहे तो हे ९ टन बोल्टांकडून पुढे कोण उचलते हा. ते उचलतात फ्लोअर, म्हणजे तळावर आतून आडव्या बसवलेल्या फासळ्या, आणि तेही तळापासून सुटलेले नसतील तरच. लाटांवर हाच भार उलटसुलट येत राहतो, आणि कील खडकावर आपटली की तिची मागची कड तळात वर घुसते व पुढची कड खाली ओढली जाते. म्हणून पुढे भेग दिसली की मी सर्वप्रथम कीलच्या मागच्या टोकावरचे फ्लोअर पाहतो.

मे २०१४ मध्ये ‘चीकी राफिकी’ ही बोट अँटिग्वाहून इंग्लंडला परतत असताना अटलांटिकमध्ये कील गमावून उलटली आणि तिच्यावरचे चारही जण गेले. ब्रिटिश सागरी अपघात तपास शाखेच्या अहवालाने, पूर्वी तळ लागण्याचे प्रसंग आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांनी मिळून कीलभोवतीची रचना कमकुवत झाली असावी, अशी शक्यता नोंदवली. तळाला चिकटवलेला फ्लोअरचा सांगाडा सुटला तरी ते वरून सहज कळत नाही, हे त्यातून लक्षात ठेवावे.

तेव्हा तपासणी अशी करा. बोट क्रेनच्या पट्ट्यांवर हळूहळू उचलून घ्या आणि कीलचे वजन लटकू लागताच भेग रुंदावते का ते पाहा. मग कीलचे खालचे टोक दोघांनी आडवे हलवावे आणि तिसऱ्याने आत फ्लोअरच्या मुळाशी हाताचे बोट टेकवून ठेवावे. डोळ्यांना न दिसणारी हालचाल बोटाला जाणवते. प्रत्येक फ्लोअरच्या कडेने लहान हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज येता येता बद्द आवाज आला, तर तिथला जोड सुटला आहे असे धरून चाला.

गंजाचे ओघळ म्हणजे जोडात पाणी पोहोचल्याची खूण. स्टेनलेसचे संरक्षण करणारा पातळ थर टिकायला ऑक्सिजन लागतो आणि जोडात साचलेल्या खाऱ्या पाण्यात तो मिळत नाही. त्यामुळे नट चकचकीत असतो आणि खाली जोडापाशी बोल्ट कमरेतून झिजलेला असतो. वरून नट पाहून दिलेल्या निर्वाळ्यावर माझा विश्वास नाही. कील उतरवणे खर्चिक असले, तरी आपल्या बोटीच्या बाबतीत मी तीच उतरवण्याचा सल्ला देईन.

फ्लोअर पुन्हा बांधताना पहिली काळजी बोटीच्या आकाराची घ्या. बोटीचे सगळे वजन कीलवर टेकलेले असेल तर तळ वर दाबला जातो आणि नवे थर तोच वाकडा आकार कायमचा पक्का करतात. म्हणून तळाला रुंद आधार द्या आणि डोलकाठीचे दोर सैल करा, कारण ताणलेले दोर बोटीची टोके वर ओढतात आणि काठी मध्यभागी खाली दाबते. जुना रंग, जेलकोट (वरचा गुळगुळीत लेप) आणि ओले लाकूड काढून घट्ट लॅमिनेट, म्हणजे फायबरग्लासचे मूळ थर, लागेपर्यंत घासा. जुन्या पृष्ठभागावर पॉलिएस्टर रेझिनपेक्षा इपॉक्सी रेझिन कितीतरी चांगले चिकटते. मात्र इपॉक्सी सुकल्यावर त्यावर मेणचट साय येते, ती पाण्याने धुऊन मगच घासा. मी एकदा घाईत धुतली नाही आणि पुढचा थर सालीसारखा हातात आला.

कोपऱ्यांत इपॉक्सीच्या लगद्याची गोलाई द्या आणि तिच्यावर ४५ अंशांत विणलेले कापड, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा सुमारे २५ मिलिमीटर पुढे-मागे संपेल असे बसवा. सगळे थर एकाच रेषेत संपले तर तिथेच नवी भेग पडते. फ्लोअर बिल्जच्या वळणापर्यंत, म्हणजे तळ बाजूंकडे वळतो तिथपर्यंत, न्या आणि जागा असेल तर उंच करा, कारण रुंदी तीच ठेवून उंची दुप्पट केली की ताठरपणा आठपट होतो. केवळ तळ जाड करून हे साधत नाही. पाणी वाहून जाण्याची भोकेही आतून लॅमिनेटने बंदिस्त करा, नाहीतर फ्लोअरचा आतला गाभा पुन्हा भिजेल.

जुन्या लहान वॉशरांऐवजी कडा गोल केलेल्या धातूच्या जाड पट्ट्या इपॉक्सीच्या लगद्यावर बसवा. तळाच्या लॅमिनेटमध्ये प्लायवुडचा थर निघाला आणि तो ओला असेल, तर नट आवळण्याने तो फक्त चिरडेल. तो काढून तिथे भरीव लॅमिनेट केल्याशिवाय कील चढवू नका. नट मधून टोकांकडे, टप्प्याटप्प्याने आवळा आणि बोट पाण्यात काही आठवडे राहिल्यावर पुन्हा तपासा. फ्लोअरची संख्या किंवा जागा बदलावी लागणार असेल, तर मात्र ग्राइंडर हाती घेण्याआधी नौकारचनाकाराकडून आकडेमोड करून घ्या.