वाचकांचे प्रश्न : नवे चामडी होल्स्टर घट्ट बसते, तेव्हा काय करावे?

प्रश्न : माझ्याकडे .३२ बोअरचे परवानाधारक रिव्हॉल्व्हर असून त्यासाठी मी नुकतेच जाड चामड्याचे होल्स्टर (हत्यार कमरेला बाळगण्याचे आवरण) शिवून घेतले आहे. रिव्हॉल्व्हर आत घालताना दोन्ही हातांचा जोर लावावा लागतो आणि बाहेर काढताना होल्स्टरच कंबरपट्ट्यासह वर येते. वडील म्हणतात, दोन दिवस एरंडेल चोळून ठेव. वहाणा शिवणारे आमच्या गावातील एक कारागीर म्हणतात, पाण्यात बुडवून आत रिव्हॉल्व्हर घाल आणि उन्हात वाळव. दुकानदार म्हणतो, वापरून आपोआप सैल होईल. यांपैकी कोणाचे ऐकावे? (एक शेतकरी वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे सत्याच्या सर्वांत जवळ आहे, मात्र ‘सैल होईल’ हा त्याचा शब्द मला मान्य नाही. चांगले होल्स्टर कधीही सैल व्हायला नको. ते आपल्या हत्याराच्या आकाराला बसले पाहिजे. या दोहोंतील फरक लक्षात घेतला, तर आपल्या प्रश्नाचे बहुतेक उत्तर मिळते.

होल्स्टरसाठी वापरले जाणारे उत्तम चामडे बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा अशा वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले असते. असे कातडे कोमट पाण्याने ओलसर केले की ते मऊ पडते, दाबू तो आकार घेते आणि वाळल्यावर तोच आकार धरून घट्ट होते. कारागीर याच गुणाचा उपयोग करतो : शिलाई झाल्यावर ओलसर होल्स्टरमध्ये रिव्हॉल्व्हरचा साचा घालून सिलिंडर, नळी आणि चापाभोवतीचे कडे यांच्या कडा बाहेरून दाबून उठवतो आणि सावलीत वाळवतो. वाळताना चामडे किंचित आवळते, त्यामुळे नवे होल्स्टर घट्ट लागणे हे बहुतेक वेळा कारागिराने काम नीट केल्याचे चिन्ह असते. हत्यार जागेवर धरून ठेवण्याचे काम हाच घट्टपणा करतो. बांधावरून उडी मारताना, मोटारसायकलवरून उतरताना किंवा कोणाशी झटापट झाल्यास रिव्हॉल्व्हर कमरेवरून निसटू नये, ही जबाबदारी शेवटी त्या तीन-साडेतीन मिलिमीटर जाडीच्या चामड्यावरच असते.

आपल्या वडिलांचा सल्ला ज्या अनुभवातून आला आहे, त्याविषयी मला आदर आहे. मोटेची सोंड, बैलांच्या साजाच्या वाद्या, पायातील वहाणा या सर्वांना आपल्याकडे तेल दिले जात असे, कारण त्या वस्तू वाकाव्यात, पाण्याने कडक होऊन तडकू नयेत, हीच तेथे गरज होती. होल्स्टरची गरज नेमकी उलट आहे. तेल तंतूंमध्ये शिरून त्यांना एकमेकांवर घसरू देते. चामडे लवचीक होते आणि त्याने धरलेला आकार सुटतो. एकदा मुरलेले तेल पूर्णपणे बाहेर काढता येत नाही, त्यामुळे एरंडेल, खोबरेल, जवसाचे तेल यांपैकी काहीही, आणि आतल्या बाजूला तर मुळीच, लावू नये.

पाण्यात बुडवण्याचा सल्ला मुळात कारागिरीच्या ज्ञानातूनच आलेला आहे, परंतु तो तयार व रंग-पॉलिश झालेल्या होल्स्टरला लागू पडत नाही. पूर्ण भिजलेल्या चामड्याचा रंग फुटतो, शिलाईचा दोरा ताणला जातो आणि कारागिराने उठवलेल्या कडा विरतात. उन्हात वाळवणे त्याहून वाईट आहे. वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले ओले कातडे साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअस तापमानाला कायमचे आक्रसते, आणि त्याच्या बऱ्याच आधी वरचा थर कडक होऊन तडकू लागतो. म्हणून ऊन, चुलीची धग, केस वाळवण्याचे यंत्र आणि उन्हाळ्यात बंद गाडीचा डॅशबोर्ड, हे सर्व वर्ज्य समजावे. शिवाय ओल्या चामड्यातील टॅनिन (सालीतून आलेले कमावण्याचे द्रव्य) आणि लोखंड एकत्र आले की काळा डाग पडतो. हिरडा आणि हिराकस (लोहाचा एक क्षार) यांपासून पूर्वी शाई केली जात असे, ती याच अभिक्रियेने; आपल्या रिव्हॉल्व्हरच्या नळीवर ती शाई उमटू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आता करावयाची कृती सांगतो. सर्वप्रथम रिव्हॉल्व्हर पूर्ण रिकामे करावे. सिलिंडर उघडून काडतुसाचे प्रत्येक घर डोळ्यांनी पाहावे, बोटाने चाचपावे आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत, कुलपात ठेवावीत. ही पायरी कोणत्याही कारणाने गाळू नये, कारण घट्ट होल्स्टरशी झटताना माणसाचे लक्ष चामड्यावर असते आणि हात कोठे दाबला जात आहे, याचे भान सुटते. हत्याराच्या मापाचा लाकडी किंवा प्लॅस्टिकचा नमुना मिळत असेल, तर तो वापरणे सर्वांत चांगले.

त्यानंतर रिकाम्या रिव्हॉल्व्हरला पातळ प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळावी. पावाच्या पुड्याची पिशवी असते, तेवढी जाडी पुरते. ती सुरकुत्या न पाडता, आरंभी एकच पदरी घ्यावी. मूठ धरून, बोट चापापासून दूर ठेवून, रिव्हॉल्व्हर सरळ रेषेत हळूहळू शेवटपर्यंत आत ढकलावे. पूर्ण बसल्यावर ते डावीकडे-उजवीकडे अगदी थोडे, पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त नाही इतके हलवावे आणि रात्रभर तसेच कुलूपबंद कपाटात ठेवावे. सकाळी पिशवी काढून, नुसते रिकामे रिव्हॉल्व्हर आत-बाहेर करून पाहावे. पुष्कळदा एका रात्रीत काम भागते. भागले नाही तर दुसऱ्या रात्री पिशवीचे दोन पदर घ्यावेत. याहून जाड काही, म्हणजे कापड, कागदाची घडी किंवा मोजा घालू नये, कारण एकदा जास्त ताणलेले चामडे मागे येत नाही.

रिव्हॉल्व्हर बाहेर येऊ लागले की उरलेला घट्टपणा वापराने घालवावा. होल्स्टर ज्या पट्ट्यावर बांधायचे त्याच पट्ट्यावर बांधून, घरी रिकाम्या हत्याराने रोज काही वेळ शांतपणे काढण्याचा व परत ठेवण्याचा सराव करावा. शरीराची ऊब आणि घामाची किंचित ओल यांमुळे चामडे हत्याराकडून आणि कमरेकडून, दोन्ही बाजूंनी आकार घेते. आपले होल्स्टर पट्ट्यासह वर येते, असे आपण लिहिले आहे. त्यात दोष कदाचित पट्ट्याचा असावा. पातळ, साध्या पँटच्या पट्ट्यावर कोणतेही होल्स्टर डगमगते. पट्टा जाड, ताठ आणि होल्स्टरच्या खाचेत चपखल बसेल इतक्या रुंदीचा हवा. पट्टा बदलताच अर्धी तक्रार मिटल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

काही वेळा मात्र घट्टपणा हा खरोखर चुकीच्या मापाचा असतो. वरील कृती चार-पाच रात्री करूनही रिव्हॉल्व्हर शेवटपर्यंत बसत नसेल, नळीच्या टोकावरची नेम धरण्याची माशी शिवणीला अडकत असेल, किंवा घालताना चामडे चापावर दाबल्याचे जाणवत असेल, तर प्रयत्न थांबवून होल्स्टर कारागिराकडे परत न्यावे. तसेच ते क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेल्या मऊ चामड्याचे निघाले, तर त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. ते चामडे पिशव्या, पाकिटे, बुटांचे वरचे भाग यांसाठी उत्तम आहे. पण ताणले तरी पुन्हा पूर्वस्थितीकडे येते आणि आकार धरत नाही. कापलेली कडा पाहिली की ओळख पटते : क्रोमच्या चामड्याची आतली कडा बहुधा निळसर-करडी दिसते, तर सालीने कमावलेल्याची बदामी किंवा तांबूस.

प्रश्न : मी पोलीस दलात उपनिरीक्षक आहे. ड्यूटीच्या ९ मि.मी. पिस्तुलासाठी स्वखर्चाने घेतलेल्या होल्स्टरमध्ये पिस्तूल व्यवस्थित बसते, पण वरच्या पट्टीचे टिचबटण लागत नाही. थोडेच अंतर राहते. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : प्रथम पिस्तूल तळापर्यंत गेले आहे का, ते पाहावे, दोन-तीन मिलिमीटर वर राहिले, तरी बटण लागत नाही. दुसरे म्हणजे, ही पट्टी घोडा (गोळी सुटण्यासाठी आघात करणारा मागचा भाग) उतरलेला असताना बसेल अशी शिवली आहे की चढवलेला असताना, हे विक्रेत्याकडून समजून घ्यावे. बटण लागावे म्हणून पिस्तूल बाळगण्याची आपल्या दलाची विहित पद्धत बदलू नये. पट्टी त्या पद्धतीला जुळत नसेल, तर पट्टीच बदलून घ्यावी.

दोन्ही गोष्टी ठीक असतील, तर पिस्तूल रिकामे करून, पट्टी टेबलाच्या गोल कडेवरून काही वेळा मागे-पुढे ओढावी आणि हाताने ताणत बटण लावण्याचा प्रयत्न करावा. एकदा लागले की रात्रभर लावलेलेच ठेवावे. पट्टी अरुंद असल्याने ती होल्स्टरच्या मुख्य भागापेक्षा लवकर ताणते, म्हणून येथे घाई नको. अंगठ्याने ढकलायच्या टोकात बहुधा पत्र्याचा तुकडा शिवलेला असतो. तो वाकवू नये, अन्यथा बटण एका झटक्यात उघडणार नाही. ते एका झटक्यात उघडणे किती महत्त्वाचे आहे, हे आपणास मी सांगण्याची गरज नाही.

प्रश्न : कोकणात पावसाळ्यात होल्स्टरवर पांढरी बुरशी येते. गेल्या वर्षी तर आत ठेवलेल्या रिव्हॉल्व्हरवर गंज चढला आणि पट्ट्यातील काडतुसांवर हिरवट थर आला. होल्स्टर नवे असतानाच काही लावून ठेवावे का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आपल्या पत्रातील ‘आत ठेवलेल्या’ हे दोन शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत. होल्स्टर हे हत्यार बाळगण्यासाठी आहे, साठवण्यासाठी नाही. चामडे हवेतील ओल शोषून धरते. कमावताना वापरलेल्या आम्लांचे व क्षारांचे अंशही त्यात राहिलेले असतात. अशा आवरणात हत्यार आठवडेच्या आठवडे राहिले, तर वरून कोरडे दिसणारे चामडेसुद्धा पोलादाला गंज चढवते. काडतुसांवरचा हिरवा थर चामड्यातील आम्ल आणि स्निग्धांश यांचा पितळेतील तांब्याशी संयोग होऊन तयार होतो. अशी काडतुसे वापरण्याच्या किंवा घासून चकचकीत करण्याच्या फंदात न पडता ती शस्त्रविक्रेत्याला दाखवावीत.

म्हणून घरी आल्यावर रिव्हॉल्व्हर बाहेर काढावे, पुसावे, बंदुकीच्या तेलाचा पुसट हात द्यावा आणि कुलूपबंद कपाटात वेगळे ठेवावे. हे तेल होल्स्टरच्या आत झिरपू नये इतकेच असावे. होल्स्टर भिजले असेल, तर कोरड्या फडक्याने टिपून, तोंड उघडे राहील असे पंख्याच्या हवेत, सावलीत वाळवावे. ते वाळताना आकार बदलेल असे वाटत असल्यास आत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला लाकडी नमुना घालावा. रिव्हॉल्व्हर घालू नये. कोकणातील दमट हवेत हा नमुना करून घेण्याचा खर्च सार्थकी लागतो, असे माझे मत आहे.

बुरशी आलीच, तर ती घराबाहेर कोरड्या ब्रशने झाडावी आणि सौम्य सॅडल सोपचा (चामडे स्वच्छ करण्याच्या साबणाचा) फेस घट्ट पिळलेल्या फडक्यावर घेऊन पुसावी. पूर्ण वाळल्यावर, फक्त बाहेरच्या बाजूला, मधमाशीच्या मेणाचे पातळ पॉलिश लावून फडक्याने घोटावे. नव्या होल्स्टरला आरंभी याहून अधिक काही लागत नाही. आणि होल्स्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवण्याची सवय असेल, तर ती सोडावी. कोंडलेल्या ओलीतच बुरशी वाढते. आकार बसवण्यासाठी वर सांगितलेली पिशवी ही एका रात्रीपुरती, आणि हत्याराभोवती आहे.

प्रश्न : वडिलांचे जुने होल्स्टर माझ्याकडे आले आहे. रिव्हॉल्व्हर त्यात सहज सरकते, चामडे मऊ झाले आहे. नव्या घट्ट होल्स्टरपेक्षा हेच वापरणे सोयीचे वाटते. ते थोडे आवळून घेता येईल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : त्यामागची भावना मी समजू शकतो, तरीही ते कमरेला लावू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तोंडाशी मऊ पडलेले चामडे हत्यार परत ठेवताना आत दुमडते आणि ती दुमड चापाभोवतीच्या कड्यात शिरू शकते. हात वरून दाब देत राहतो आणि चापावर बोटाऐवजी चामडे दाबले जाते. भरलेले हत्यार अशा वेळी आपल्याच मांडीच्या दिशेने सुटू शकते. अशा प्रकारचे अपघात जगात खरोखर घडलेले आहेत.

गरम पाण्यात घालून आवळणे, नव्याने शिलाई मारणे, आतून अस्तर देणे असे उपाय सुचवले जातात. गरम पाण्याने चामडे आवळते, पण वेडेवाकडे आणि ठिसूळ होऊन. शिलाईने पोकळी अरुंद होते. तोंडाचा गेलेला ताठपणा मात्र परत येत नाही. शिवाय २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी हातबंदूक होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच्या तशा आवरणात, अंगाला सुरक्षितपणे बांधून आणि पूर्ण ताब्यात ठेवूनच न्यावी लागते. हत्यार ज्यात सहज सरकते, त्या होल्स्टरने ही अट पुरी होते असे म्हणणे अवघड आहे.

वडिलांचे होल्स्टर धूळ पुसून, मेणाचा हात देऊन, रिकामेच जपून ठेवावे. नवे शिवायला टाकताना ते कारागिराला जरूर दाखवावे : वडील ते कमरेवर किती उंच आणि किती तिरके लावत, हे पट्ट्याच्या खाचांच्या झिजेवरून त्याच्या लक्षात येईल, आणि तो कोन आपल्यालाही सोयीचा असेल, तर नव्या होल्स्टरमध्ये तो तसाच घेता येईल.