पंच्याण्णव टक्के आणि आजोबा

प्रश्न : आमच्याकडे रात्री जेवताना रोज एकच वाद. सासरे सिद्धरामेश्वरांचे भक्त. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत बाराबंदी घालून नंदीध्वजामागे चालतात. मुलगी अकरावी सायन्सला. ती म्हणते, जे लॅबमध्ये सिद्ध होत नाही ते नाहीच. सासरे म्हणतात, "पंच्याण्णव टक्के विश्व तुमच्या सायन्सला कळलेलंच नाही, मग देव नाही म्हणायचा अधिकार कुठला? आणि तो बिग बँग तरी घडवला कुणी?" या दोघांच्या नादात माझी भाकरी तव्यावर करपते. बरोबर कोण?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, आधी भाकरी उलटा. हा वाद कुठे पळून जात नाही.

आजोबांचा आकडा खरा आहे. विश्वात साधारण सत्तावीस टक्के कृष्णद्रव्य (डार्क मॅटर : दिसत नाही, पण त्याची ओढ जाणवते), अडुसष्ट टक्के कृष्णऊर्जा (डार्क एनर्जी : विश्वाच्या वाढत्या प्रसरणामागे मानलेली), आणि दोन्ही नेमकी काय आहेत ते कुणालाच माहीत नाही. पण हे आजोबांना सांगितलं कुणी? 1933 मध्ये झ्विकी नावाच्या शास्त्रज्ञाने कोमा नावाच्या समूहातल्या दीर्घिकांचे (गॅलक्सींचे) वेग तपासले. दिसणाऱ्या वस्तुमानाच्या ओढीने त्या एकत्र राहूच शकत नाहीत, इतक्या वेगात होत्या; म्हणजे न दिसणारं द्रव्य असलं पाहिजे. 1998 मध्ये दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांवरून कळलं की विश्वाचं प्रसरण वाढत्या वेगाने चाललंय. म्हणजे आपल्याला काय कळत नाही, हेसुद्धा विज्ञानानेच मोजून दिलं. (मी कॉलेजात फिजिक्स शिकवलं, त्यामुळे इथे माझा आवाज जरा चढतो.) उद्या कृष्णद्रव्याचा कण सापडला तर आजोबांचा देव तेवढ्याने लहान होणार का?

हे पूर्वी घडलंय. न्यूटनला वाटायचं, ग्रहांच्या कक्षा हळूहळू बिघडत जातील आणि देवाला मधूनमधून त्या सावराव्या लागतील. पुढे लाप्लासने गुरू-शनीच्या चालीतली गडबड त्याच गुरुत्वाकर्षणाच्या गणिताने सोडवली. देवाचं ते काम गेलं. भक्ताने देवाला असल्या रोजंदारीवर ठेवू नये, असं माझं मत.

बिग बँगची मूळ कल्पना मांडणारा लमेत्र हा स्वतः कॅथलिक पाद्री होता, हे नातीला सांगा. 1951 मध्ये पोपनी या सिद्धांतात सृष्टिनिर्मितीचा आधार पाहिला, तेव्हा अस्वस्थ झाला तो लमेत्रच. माझ्या समीकरणांवर श्रद्धा टांगू नका, अशी त्याची भूमिका होती.

पण "घडवला कुणी" हा प्रश्न पोरीने हसण्यावारी नेऊ नये. आपल्याकडे दहाव्या शतकात न्यायदर्शनाचे (तर्कशास्त्राचे) पंडित उदयनाचार्य यांनी तो पूर्ण ताकदीनिशी मांडलाय : घट आहे तर कुंभार असणारच, तसं जग आहे तर कर्ता असणारच. गंमत अशी, की त्यांना विरोध फक्त बौद्धांचाच नव्हता. वेदांतल्या विधींचा अर्थ लावणारे, यज्ञयागात आयुष्य घालवणारे मीमांसकही जगाला कर्ता लागतो हे मानत नव्हते. तेव्हा देवाबद्दल शंका घेणं हे काही इंग्रजी शाळेचं खूळ नव्हे. पदार्थविज्ञान हा प्रश्न निकालात काढू शकत नाही. तो तत्त्वज्ञानाचा आहे आणि मला तो खराखुरा खुला वाटतो. फक्त आदिकारण सिद्ध झालं असं धरलं, तरी ते दयाळू आहे, नवस ऐकतं, यात्रेत अक्षता घेतं, यातलं काहीच त्यातून निघत नाही.

आता नातीचं. "लॅबमध्ये सिद्ध होतं तेवढंच खरं" हे वाक्य तिने कुठल्या लॅबमध्ये तपासलं? खोटं बोलू नये, दुबळ्याला लुबाडू नये, हे ती मानते ना? ते कुठल्या मापाने मोजलं? विज्ञानाची हद्द असते ती इथे, कृष्णद्रव्यापाशी नाही. हद्दीपलीकडे देवच आहे असं मात्र आजोबांनी परस्पर ठरवू नये.

मी स्वतः देव मानत नाही, तरी गड्ड्याच्या यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्याजवळच्या गर्दीत दरवर्षी उभा असतो. बायको म्हणते, ढोंगी. असेन.

आज रात्री एक करा. आजोबांना विचारा, ते नंदीध्वजामागे चालू लागले ते नक्की कशामुळे. पंच्याण्णव टक्क्यांमुळे नाही, एवढं मी पैजेवर सांगतो. तो आकडा त्यांच्या तरुणपणी कुणालाच ठाऊक नव्हता. आणि ते सांगत असताना पोरीला मध्ये बोलू देऊ नका.