निःश्वास : सुटकेचा की घुसमटीचा?

प्रश्न असा आला आहे : नागपुरातल्या एका महिला वाचक मंडळानं 'कळ्यांचे निःश्वास' या कथासंग्रहावर चर्चा ठेवली आहे. पत्रिकेवर 'निश्वास' छापून आलं, फलकावर 'नि:श्वास'. बरोबर कोणतं? शिवाय पहिली सर आली की उकाड्यानं हैराण नागपूरकर 'सुटकेचा निःश्वास' टाकतात. मग या कळ्यांची सुटका झाली असं समजायचं का? आणि बंडखोर कथांना इतकं मवाळ नाव कसं?

आधी फलक बघू, तो आजच दुरुस्त करता येईल. निस् + श्वास हा संधी. पुढे श आला की विसर्ग तसाच राहतो किंवा त्याचा श् होतो, म्हणून निःश्वास आणि निश्श्वास ही दोन्ही रूपं संस्कृतात चालतात. आपण बोलताना 'निश्श्वास'च म्हणतो. लिहिताना एक श् गळतो आणि 'निश्वास' उरतं. ते अगदीच निराधार नाही, नुसता 'नि' उपसर्ग लावूनही तो शब्द होतो. पण पुस्तकाचं नाव लेखिकेनं ठेवलं तसंच छापायला हवं. फलकावरची चूक वेगळी आहे. तिथे विसर्गाऐवजी अपूर्णविरामाचं चिन्ह पडलं आहे. छापल्यावर दोन्ही सारखी दिसतात, पण संगणक 'नि' आणि 'श्वास' असे दोन तुकडे धरतो आणि शोधताना पुस्तक सापडत नाही. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कळफलकावर शिफ्ट दाबून वजाचिन्हाची कळ दाबली की खरा विसर्ग येतो.

आता अर्थ. निःश्वास म्हणजे बाहेर सोडलेला श्वास, एवढंच. सुटका त्या शब्दात नाही, ती 'सुटकेचा' या विशेषणानं आणली आहे. बातम्यांत ही जोडी इतकी घट्ट झाली की एकटा निःश्वासही आपल्याला हुश्श केल्यासारखा वाटू लागला. खरं तर त्यासाठी 'जीव भांड्यात पडला' हा आपला हक्काचा वाक्प्रचार आहे. सुस्काऱ्यात 'स्' ऐकू येतो, उसाशात कीव किंवा हळहळ असते. निःश्वासाला स्वतःचा रंग नाही. तो कुणाचा आहे त्यावरून चढतो. इथे तो कळ्यांचा आहे, न उमललेल्यांचा. म्हणजे छातीत कोंडलेला श्वास.

'चे'कडेही लक्ष द्या. निःश्वास पुल्लिंगी आहे आणि अनेकवचनात त्याचं रूप बदलत नाही. 'कळ्यांचा' म्हटलं असतं तर सगळ्यांचा मिळून एक झाला असता. 'कळ्यांचे' म्हणताच प्रत्येकीचा वेगळा मोजावा लागतो. मला हे नाव म्हणूनच मवाळ वाटत नाही.

संग्रह 1933चा. लेखिका बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालती बेडेकर. टोपणनाव घेतलं विभावरी शिरूरकर. विभावरी म्हणजे रात्र. शिकलेल्या, मिळवत्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनातलं इतकं उघड छापून आल्यावर खळबळ माजली आणि ही विभावरी कोण याचे तर्क सुरू झाले. (कळी त्या काळात आणखी एका नावात भेटते. नागपुरात प्राध्यापकी केलेल्या कुसुमावती देशपांड्यांच्या कथासंग्रहाचं नाव 'दीपकळी'. ही कळी मात्र झाडावरची नाही. दीपकळी म्हणजे दिव्याची ज्योत.)

बंड शोधायचं असेल तर वाक्यरचनेत शोधा. याच संग्रहातल्या एका कथेचं नाव आहे 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' यात 'नाही' कुठेच नाही. त्या काळच्या घरात मुलीनं बापाला तोंडावर 'नाही' म्हणणं म्हणजे उद्धटपणा. पण मराठीत 'कसा होणार?' या प्रश्नाचं उत्तर त्यातच असतं : होणार नाही. नकार दिला, आणि उलट बोलल्याचा ठपकाही नाही. 'कोण ऐकतं?', 'कुठं जाणार?', 'काय सांगू?' हे आपल्या आया-आज्यांच्या तोंडचे प्रश्न त्याच घडणीचे. ते लाचारीचे म्हणून वाचायची आपल्याला सवय आहे.

चर्चेत हे शीर्षक मोठ्यानं दोनदा वाचा. आधी 'कसा'वर जोर द्या, मुलगी हतबल वाटेल. मग 'माझा'वर द्या. संसार बाबांचा आहे, त्यांनी मांडलाय. तो तिच्या गळ्यात का, हे सरळ ऐकू येईल.