चाचणीने ‘अंतर्मुख’ ठरवले, म्हणून वाट बदलावी का?

प्रश्न : माझी मुलगी हॉटेल व्यवस्थापनाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रशिक्षणार्थी निवडताना एका हॉटेलने संगणकावर व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली, चार अक्षरांचा एक ‘प्रकार’ हातात दिला आणि ती अंतर्मुख असल्याने स्वागतकक्षाऐवजी हिशेब विभाग सुचवला. काही आठवड्यांनी तिने तीच चाचणी घरी पुन्हा दिली, तेव्हा अंतर्मुख की बहिर्मुख हे सांगणारे पहिले अक्षर बदलले. मुलगी अबोल आहे हे खरे. पण देवळाच्या जत्रेत नाटक होते, त्यात ती सगळ्या गावासमोर न अडखळता उभी राहते. आम्ही काय खरे मानावे?
— एक पालक, फोंडा

उत्तर : आपल्या वर्णनावरून ही चाचणी मायर्स-ब्रिग्ज धाटणीची दिसते. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी 1921 साली मांडलेल्या मानसिक प्रकारांच्या कल्पनेवरून कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल मायर्स यांनी ती रचली. तिची मुख्य अडचण अशी, की ती माणसाला अंतर्मुख किंवा बहिर्मुख यांपैकी एका कप्प्यात घालते. प्रत्यक्षात बहुतेकांचे गुण मधल्या भागात पडतात, आणि जो सीमारेषेच्या जवळ आहे त्याची एकदोन उत्तरे इकडची तिकडे झाली की अक्षर बदलते. ‘अनोळखी लोकांत आपण सहज मिसळता का?’ या प्रश्नाला मुलाखतीच्या दडपणाखाली दिलेले उत्तर आणि घरच्या ओसरीवर बसून दिलेले उत्तर वेगळे असेल, तर त्यात मुलीने खोटे काहीच सांगितलेले नाही. नोकरभरतीसाठी ही चाचणी वापरू नये, असे ती प्रसिद्ध करणारेही सांगतात, हे हॉटेलच्या अधिकाऱ्यांच्या कानावर अवश्य घालावे.

आज संशोधनात अधिक भरवसा ठेवला जातो तो पाच घटकांच्या प्रतिमानावर. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी 1936 साली इंग्रजी शब्दकोशातून माणसांचे वेगळेपण सांगणारे सुमारे 18,000 शब्द वेचले. रेमंड कॅटेल यांनी ती यादी आटोपशीर केली, आणि पुढच्या संशोधकांच्या विश्लेषणातून बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि अनुभवांविषयीचा खुलेपणा हे पाच घटक स्थिरावले. येथे कोणालाही कप्प्यात टाकले जात नाही. प्रत्येक घटकावर माणूस कमी-अधिक कोठे आहे, एवढेच पाहिले जाते.

आता जत्रेतल्या नाटकाविषयी, कारण आपल्या पत्रातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला तपशील तोच आहे. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी 1968 साली दाखवून दिले, की प्रश्नावलीतील गुण आणि एखाद्या विशिष्ट प्रसंगातील प्रत्यक्ष वागणे यांचा सहसंबंध (0 म्हणजे काहीच संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण मेळ) साधारण 0.30 च्या वर क्वचितच जातो. त्यावर बरीच वर्षे वाद झाला आणि त्यातून निष्पन्न झाले ते असे, की अनेक प्रसंगांची सरासरी काढली तर स्वभाव नक्कीच दिसतो, परंतु एका प्रसंगाचे भाकीत करताना परिस्थितीही तितकीच पाहावी लागते. ठरलेली भूमिका, पाठ झालेले संवाद, महिनाभराची तालीम आणि ओळखीचा गाव एवढे मिळाले की आपली मुलगी मोकळी होते. स्वागतकक्षातील कामातही भूमिका ठरलेली असते, बोलायची वाक्ये बरीचशी ठरलेली असतात आणि सराव करता येतो. म्हणून तिथे काही आठवडे प्रत्यक्ष काम करू द्यावे आणि मग ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बहिर्मुखतेला कामाच्या दृष्टीने काहीच किंमत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. मरे बॅरिक आणि मायकेल माउंट यांनी 1991 साली अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा विक्री आणि व्यवस्थापनाच्या कामांत तिचा उपयोग दिसला. पण त्यांनी पाहिलेल्या सर्व व्यवसायगटांत कामगिरीशी जोडलेली आढळली ती कर्तव्यदक्षता. वेळेवर येणारी, नोंदी चोख ठेवणारी मुलगी अबोल असली तरी मागे पडेलच असे नाही. चाचणीच्या अहवालातील बाकीचे वर्णन तंतोतंत पटले म्हणूनही विचलित होऊ नये. मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी 1948 साली आपल्या 39 विद्यार्थ्यांना चाचणीचा निकाल म्हणून हुबेहूब सारखाच मजकूर दिला होता, आणि त्यांनी त्याच्या अचूकतेला 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले.

प्रश्न : भगवद्गीतेत सत्त्व, रज आणि तम सांगितले असताना परक्या चाचण्या कशाला हव्यात?
— एक निवृत्त शिक्षक, साखळी

उत्तर : गुरुजी, गीतेच्या चौदाव्या अध्यायात हे गुण एकमेकांवर मात करून वर येतात असे म्हटले आहे, म्हणजे तिन्ही प्रत्येकात असतात आणि त्यांचे प्रमाण बदलते. कप्पे पाडणाऱ्या चाचण्यांपेक्षा हा विचार मला अधिक सूक्ष्म वाटतो. त्रिगुणांवर आधारलेल्या प्रश्नावल्याही तयार झाल्या आहेत. मात्र सिद्धांत आणि मोजमाप यांची परीक्षा वेगवेगळी होते. त्याच माणसाला काही काळाने पुन्हा विचारल्यास गुण जवळपास तेवढेच येतात का, आणि त्याच्या प्रत्यक्ष वागण्याशी ते जुळतात का, हे प्रश्न त्रिगुणांच्या प्रश्नावलीलाही तेवढ्याच काटेकोरपणे विचारावे लागतील. त्यातच ‘मी सत्य बोलतो’ यासारख्या विधानाला नकार देणारा विरळाच, त्यामुळे सत्त्वगुण मोजताना उत्तर देणाऱ्याच्या शब्दाखेरीज त्याला रोज पाहणाऱ्या सहकाऱ्यांचे किंवा घरच्यांचे मतही नोंदवून घ्यावे.