ठराव मंजूर झाला, मग रस्ता कुठे अडला?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेत तुमच्या कॉलनीचा काँक्रीट रस्ता आणि गटार मंजूर झाल्याची बातमी पेपरात आली. नगरसेवक म्हणतात ठराव झाला, मुख्याधिकारी म्हणतात निधी नाही, आणि जागेवर खडीची एक पाटीसुद्धा पडलेली नाही. तेव्हा खोटं कोण बोलतंय, असं तुम्ही विचारलंय.

बहुतेक वेळा कुणीच खोटं बोलत नसतं. बरीच वर्षं आमच्या पालिकेच्या सभांना प्रेक्षक म्हणून बसल्यावर आणि इतिवृत्तं वाचल्यावर मी हे सांगतोय. आमच्या खानदेशातली जुनी माणसं अहिराणीत विचारतात, "मंजूर व्हयनं ना, मंग काम कोठे शे?" उत्तर हवं असेल तर नक्की काय मंजूर झालं, ते ठरावाच्या कागदावर वाचावं लागतं. बातमीवर विसंबून चालत नाही.

सभेत घडतं ते असं. विषयपत्रिका लांबलचक असते. विषयाचं शीर्षक वाचलं जातं, एक जण सूचक होतो, दुसरा अनुमोदन देतो, बाकावरून "मंजूर, मंजूर" असा आवाज येतो आणि पुढचा विषय सुरू होतो. पत्रकारांच्या हाती तेवढंच लागतं. ठरावाची भाषा इतिवृत्तात नंतर लिहिली जाते, पुढच्या सभेत ते इतिवृत्त वाचून कायम केलं जातं. तुमच्या रस्त्याचं भवितव्य त्या चार-पाच ओळींत असतं.

त्या ओळींत "अंदाजपत्रक तयार करण्यास मंजुरी" एवढंच असेल, तर अभियंत्याने येऊन मोजमाप घ्यावं इतकंच ठरलंय. "निधीच्या उपलब्धतेनुसार" हे शब्द असतील तर काम रांगेत आहे, आणि रांग किती लांब ते कुणी सांगणार नाही. "जिल्हा नियोजन समितीकडे प्रस्ताव सादर करण्यास" किंवा "शासनाकडे मागणी करण्यास" असं असेल तर पैसा पालिकेचा नाहीच, फक्त मागायचं ठरलंय. "प्राप्त न्यूनतम निविदा दरास मंजुरी" असं वाचायला मिळालं, तरच खऱ्या अर्थाने काम जवळ आलं म्हणायचं. पेपरात या चारही प्रकारांची बातमी "रस्त्याला मंजुरी" अशीच येते. नगरसेवक आणि मुख्याधिकारी दोघेही खरं बोलू शकतात ते यामुळेच.

या चार प्रकारांच्या मधला रस्ता मोठा आहे. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, दरमान्यता, करारनामा आणि मग कार्यारंभ आदेश. नगरोत्थानसारख्या शासनाच्या योजनेतून काम असेल तर पालिकेला स्वहिस्सा, म्हणजे खर्चातला आपला वाटा, भरावा लागतो. घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली कमी असलेल्या पालिकेचं घोडं तिथेच अडतं. त्यात मध्येच निवडणुकीची आचारसंहिता लागली, तर प्रत्यक्ष सुरू न झालेलं काम थांबतं, कार्यारंभ आदेश हातात असला तरी. २०२४ मध्ये आपल्याकडे आधी लोकसभा आणि मग विधानसभा झाली. पुढे २०२५ च्या अखेरीस नगरपरिषदांच्या निवडणुका आल्या, जानेवारी २०२६ मध्ये जळगाव आणि धुळे महापालिकांच्या. या काळात कितीतरी फायली जागच्या हलल्या नाहीत.

तुम्ही नव्या कॉलनीत राहता असं लिहिलंय, म्हणून एक गोष्ट आधी तपासा. तुमच्या लेआऊटमधले रस्ते पालिकेच्या ताब्यात आले आहेत का? शेतजमीन बिनशेती करून पाडलेल्या कॉलन्यांत रस्ते, गटारी आणि मोकळी जागा विकसित करून पालिकेकडे सोपवणं हे विकासकाचं काम. ते हस्तांतरण कागदावर झालंच नसेल तर पालिकेने तिथे खर्च केला की लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. म्हणून अधिकारी हात आखडता घेतात, आणि कारण विचारलं की "निधी नाही" एवढंच सांगतात, कारण ते सोपं असतं. जळगाव, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, कुठेही जा, गावाबाहेर वाढलेल्या वस्त्यांचं हे मोठं दुखणं आहे. लोकांनी कर्ज काढून प्लॉट घेतले, घरं बांधली, घरपट्टी भरतात, आणि पावसाळ्यात लेकरांना चिखलातून शाळेत जावं लागतं. मला याचा मनापासून राग येतो. हस्तांतरण झालेलं नसेल तर कॉलनीतल्या सगळ्यांनी सह्या करून पहिला अर्ज त्याचाच द्या.

दुसरी शक्यता आहे खोदकामाची. पाण्याची नवी लाईन किंवा भुयारी गटार येणार असेल तर त्याआधी काँक्रीट न टाकणं हेच शहाणपणाचं. धुळ्याच्या देवपूर भागात भुयारी गटारीसाठी रस्ते खोदले गेले तेव्हा लोकांनी काय सोसलं, ते तिथल्या कुणालाही विचारा. जळगावात अमृत या पाणीपुरवठा योजनेच्या वेळीही तेच झालं. तुमच्या रस्त्याला उशीर या कारणाने होत असेल तर तो उशीर मी पत्करेन, फक्त पालिकेने तसं लेखी सांगावं.

ठरावाची तारीखही बघा. आपल्याकडच्या बहुतेक नगरपरिषदांत २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्यांची मुदत संपल्यावर २०२५ च्या डिसेंबरपर्यंत प्रशासक होते. त्या काळात सभागृहाचे अधिकार प्रशासकाकडे होते, ठरावही त्यांच्याच सहीने झाले. "तो आमच्या काळातला ठराव नाही" असं नवे नगरसेवक म्हणाले तर ऐकून घेऊ नका. ठराव नगरपरिषदेचा असतो, माणसं बदलली म्हणून तो आपोआप रद्द होत नाही.

ठराव थांबवला जाऊ शकतो, तोही कायदेशीर मार्गाने. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ च्या कलम ३०८ नुसार बेकायदा किंवा लोकहिताविरुद्धच्या ठरावाची अंमलबजावणी जिल्हाधिकारी स्थगित करू शकतात. महापालिकेच्या बाबतीत असा अधिकार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली राज्य शासनाकडे आहे, आणि शासनाने ठराव रद्दच केला तर त्याला ठराव विखंडित करणं म्हणतात. तुमच्या ठरावाविरुद्ध कुणी तक्रार केली आहे का, हे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका शाखेत कळेल. एका रस्त्यासाठी असं क्वचित होतं, पण दोन गटांच्या भांडणात होतं.

अधिकारी प्रत्येक सही जपून का करतात, हेही समजून घ्या. जळगावच्या घरकुल प्रकरणात, म्हणजे पालिकेच्या घरबांधणी योजनेतल्या गैरव्यवहाराच्या खटल्यात, ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवलं. त्यात तेव्हाचे कितीतरी नगरसेवक होते. प्रकरण पुढे उच्च न्यायालयात गेलं. पण सभागृहात हात वर करणं ही जबाबदारी आहे, हे त्या निकालाने खानदेशातल्या प्रत्येक नगरसेवकाला कळलं. म्हणून चांगला नगरसेवक विरोध असेल तर तो इतिवृत्तात नाव घालून नोंदवायला लावतो. तुमचे नगरसेवक तसे असतील तर त्यांना धरून राहा.

आता करायचं काय ते सांगतो. नुसतं भेटून विचारू नका. पालिकेत ठरावाच्या प्रमाणित नकलेसाठी अर्ज द्या. टाळाटाळ झाली तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा, उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. अर्जात "रस्ता का झाला नाही" असं विचारू नका, "का" ला उत्तर मिळत नाही. कागद मागा: सभेची विषयपत्रिका, ठराव क्रमांक आणि त्याची नक्कल, कामाचं अंदाजपत्रक, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यतेचे आदेश, निविदा सूचना, कार्यारंभ आदेश आणि खर्च टाकायचं लेखाशीर्ष. ज्या कागदासाठी "अभिलेखात उपलब्ध नाही" असं उत्तर येईल, काम तिथेच अडलंय. या एका उत्तराने तुमचे सहा महिने वाचतील.

सभेला जाऊन बसा, ती नागरिकांना खुली असते. बोलता येत नाही, पण कॉलनीतले दहा-पंधरा लोक मागे बसलेले दिसले की विषय घाईने पुढे सरकत नाही, हे मी स्वतः पाहिलंय. मायबहिणींना सोबत न्या. पाण्याचा आणि गटारीचा त्रास त्यांच्याइतका नेमका कुणाला सांगता येत नाही, आणि सभेनंतर नगराध्यक्षांना गाठून त्या सांगतातही.

आणि हे दिवाळीनंतर लगेच सुरू करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्थसंकल्पाची सभा होते, त्याआधी बांधकाम विभाग कामांच्या याद्या बनवतो. त्या यादीत तुमच्या रस्त्याचं नाव, लांबी आणि अंदाजे रक्कम गेली तर ठरावाला पैशाचा आधार मिळतो. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने द्या, प्रत बांधकाम अभियंत्याला आणि नगराध्यक्षांना द्या, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका. नक्कल हाती आली की ठरावाचा मजकूर जसाच्या तसा इथे लिहा, त्यातल्या कोणत्या ओळीचा काय अर्थ होतो ते मी सांगेन.